नाकाची साक्ष

खरे बोलणे ज्याला सोसत नाही त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात असे आपण म्हणतो, आणि म्हणताना हा वाक्प्रचार मराठीत अनादि काळापासून नांदत असावा अशी आपली निश्चिंत समजूत असते. परंतु ज्ञानेश्वरांच्या कानी तो पडणे शक्यच नव्हते. ज्या फळावर हा सारा वाक्प्रचार उभा आहे ते फळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागले, आणि त्याचे माहेर अमेरिका खंडात, जेथील कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक त्याला 'आही' म्हणत. नाक आणि झोंबणे यांचा संबंध त्या बेटांवर मात्र मिरचीपुरता मर्यादित नव्हता. मिरची तेथे जेवणात होती. नाकात ओढावयाचे द्रव्य निराळे होते, आणि ते ओढले असता आधी आग, मग वांती, मग मूर्च्छेसारखी एक अवस्था, आणि त्या अवस्थेत देवांशी संभाषण, असा क्रम होता.

ही आग का होते, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यांचा. परंतु गेली पाचशे वर्षे त्याला हात घालणाऱ्यांत वैद्य थोडे, आणि पाद्री, प्रवासी, वनस्पतिशास्त्रज्ञ व पुराणवस्तुसंशोधक पुष्कळ. त्यामुळे त्या प्रश्नालाच एक इतिहास जडला आहे, आणि तो इतिहास बहुतांशी चुकांचा आहे. या चुकांचे मूळ एकच, असे मला वाटते. नाक हा साक्षीदार फार बोलका. पण जे झोंबले तेच चढले, अशी त्याची पक्की समजूत असते, आणि मोठमोठ्या पंडितांनीही त्याची जबानी उलटतपासणी न घेता दफ्तरी दाखल करून घेतली.

पहिली जबानी एका गरीब जोग्याने लिहून घेतली. कोलंबसाची दुसरी सफर १४९३ साली निघाली, तीत सेंट जेरोमच्या पंथातील रामोन पाने नावाचा एक साधू होता. हिस्पान्योला बेटावरील लोकांचे देवधर्म जाणून घेऊन ते लिहून काढावेत असा त्याला कोलंबसाचा हुकूम झाला. त्याने त्या लोकांत राहून, त्यांची भाषा जमेल तेवढी शिकून, १४९८ च्या सुमारास आपला वृत्तान्त पुरा केला. नव्या जगातील माणसांविषयी युरोपीय भाषेत लिहिलेला हा पहिला ग्रंथ. पण त्याचे दैव असे, की मूळ हस्तलिखित नाहीसे झाले, आणि कोलंबसाच्या मुलाने आपल्या बापाच्या चरित्रात त्याची जी नक्कल उतरवून घेतली होती तीही इटालियन भाषांतराच्या रूपाने १५७१ साली व्हेनिसमध्ये छापली गेली म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली. तीत 'कोहोबा' नावाच्या चूर्णाचा उल्लेख आहे. बेटावरील सरदार, ज्यांना 'कासीके' म्हणत, ते युद्ध, आजार, पीकपाणी अशा कोणत्याही मोठ्या कामापूर्वी आपल्या 'सेमी' नामक देवतेचा कौल घेत. काही मूर्तींच्या माथ्यावर ताटलीसारखी गोल बैठक कोरलेली असे. चूर्ण त्या ताटलीत ठेवावयाचे, दोन फाटे असलेल्या नळीची टोके दोन नाकपुड्यांत घालावयाची आणि ओढावयाचे. त्याआधी उपास, आणि घशात हाडाची नक्षीदार पट्टी घालून पोट रिकामे करणे हा विधीचाच भाग. त्या पट्ट्या आज संग्रहालयांत काचेआड मांडलेल्या दिसतात, आणि समुद्रगायीच्या हाडावर इतके नाजूक कोरीव काम ओकारी काढण्यासाठी कोणी केले असेल हे पाहुण्यांना सांगितल्याशिवाय खरे वाटत नाही.

मुख्य मुद्दा असा, की या विधीत सुखाचा लवलेश नव्हता. उपास, वांती आणि नाकातील आग ही तिन्ही एकाच दिशेने नेणारी होती, आणि देवाच्या दारी जाणाऱ्याने देहदंड सोसावा यात ताइनोंना काही विपरीत वाटत नसे. अंगात गळ टोचून घेणाऱ्या बगाडाच्या मुलखातल्या आपण तरी त्यांना हसू नये.

स्पॅनिश लोकांनी पुढे जी गफलत केली ती मात्र हसण्याजोगी आहे. फर्नांडेस दे ओविएदो हा बादशहाचा बखरकार. त्याचा बृहद् इतिहास १५३५ पासून प्रसिद्ध होऊ लागला, आणि त्यात त्याने लिहिले, की हे लोक दोन फाट्यांच्या नळीने तंबाखूचा धूर नाकात ओढतात आणि त्या नळीलाच 'ताबाको' म्हणतात. चूर्णाचा धूर झाला, कोहोबाची तंबाखू झाली. पुढच्या विद्वानांनी हा दाखला इतक्या श्रद्धेने उचलला, की जवळजवळ चारशे वर्षे कोहोबा म्हणजे तपकीरच असे सगळे धरून चालले. तंबाखू नाकाला झोंबते, हेही झोंबत होते, मग निराळा पुरावा कशाला हवा? ताइनो लोक तोवर देवी, वेठबिगार आणि तलवार यांनी इतके क्षीण झाले होते, की त्यांना विचारण्याची सोयही राहिली नव्हती. अमेरिकेच्या कृषिखात्यातील विल्यम सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ साली जुने कागद चाळून, नळ्यांची चित्रे ताडून दाखवून दिले, की कोहोबाचा तंबाखूशी काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ओरिनोको नदीच्या काठचे लोक ज्याला 'योपो' किंवा 'निओपो' म्हणतात तेच हे द्रव्य, आणि आपल्या बाभूळ-शिरीषाच्या गोत्रातील एका वृक्षाच्या बियांपासून ते करतात. त्या वृक्षाचे आजचे शास्त्रीय नाव आनाडेनान्थेरा पेरेग्रिना. पिसांसारखी पाने, चपट्या लांब शेंगा, आत चकतीसारख्या काळसर बिया. पाहणाऱ्या मराठी माणसाला हे झाड परके वाटणार नाही.

ओरिनोकोच्या काठी पाद्र्यांनी ते चूर्ण फार पूर्वीच पाहिले होते. जेझुइट होसे गुमिया याच्या १७४१ च्या ग्रंथात ओतोमाक जमातीचे लोक गोगलगाईच्या शंखांचा चुना मिसळून ते ओढतात व युद्धापूर्वी बेभान होतात असे आहे. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी अॅमेझॉनमधून खाली उतरलेल्या ला कोंदामीन या फ्रेंच पंडिताने ओमाग्वा लोकांच्या हाती तशीच दोन फाट्यांची नळी पाहिली. परंतु या सर्वांना मागे सारील असा साक्षीदार १८०० साली आला, तो अलेक्झांडर फॉन हंबोल्ट.

हंबोल्ट आपला सोबती बोंप्लां याच्यासह त्या वर्षी ओरिनोको चढून परत येताना जून महिन्यात ऊरुआना या मिशनच्या ठाण्यावर एक दिवस मुक्कामास होता. ओतोमाक लोक पुराच्या दिवसांत मासे मिळेनासे झाले म्हणजे भाजलेल्या चिकणमातीचे गोळे खाऊन राहतात, हे त्याने तेथेच पाहिले, आणि युरोपात त्याच्या नावाशी ती मातीच अधिक जोडली गेली; निओपोची हकीकत त्या मातीखाली थोडी दबून राहिली. शेंगांचे तुकडे ओले करून आंबवितात, काळे पडले की कुटून त्यांत कसाव्याच्या कंदाचे पीठ आणि शंखाचा चुना घालतात, वड्या करून विस्तवावर भाजतात, आणि लागेल तेव्हा पूड करून, पाच-सहा इंचांच्या ताटलीत घेऊन पक्ष्याच्या हाडाच्या दुतोंडी नळीने ओढतात, असा त्याचा तपशील आहे. सवय नसलेल्याला त्याची अत्यल्प चिमूटही शिंकांनी हैराण करते, हेही त्याने नमूद केले. आणि मग त्या काळच्या सर्वज्ञ मानल्या गेलेल्या या पुरुषाने निर्णय दिला, की शेंगांत काही विशेष नाही. सारा प्रताप ताज्या भाजलेल्या चुन्याचा आहे. या निर्णयाच्या पुष्ट्यर्थ चुना चघळणाऱ्या अमेरिकेतील इतर जमातींचे दाखलेही त्याने दिले.

हंबोल्टची ही चूक मला त्याच्या कित्येक बरोबर निष्कर्षांपेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण ती अर्धीच चूक आहे. त्याने विचार केला असेल तो असा: बाभळीच्या गोत्रातील शेंगा तुरट असतात, कातडी कमाविण्याच्या उपयोगाच्या, त्यांनी कोणाला उन्माद झाल्याचे ऐकिवात नाही, उलट चुना हा दाहक पदार्थ आहे हे कोणीही जिभेला लावून पाहावे, नाकात आग होते, तेव्हा ज्याने आग होते त्यानेच मद होतो. फिर्याद, साक्ष आणि निकाल सगळे एकाच नाकाने दिले. आगीपुरती ती साक्ष खरी होती. मदापुरती खोटी होती. पण चुना त्या मदाला अगदीच परका होता असेही नाही, आणि येथेच प्रकरणाची खरी गुंतागुंत आहे.

रसायनशास्त्राला तिथवर पोहोचायला आणखी दीड शतक लागले. मध्यंतरी रिचर्ड स्प्रूस या यॉर्कशायरच्या, प्रकृतीने अधू आणि निरीक्षणाने अचूक अशा वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५४ साली मायपूरेसच्या धबधब्याजवळ मुक्कामाला आलेल्या ग्वाहिबो लोकांतील एका वृद्धाला निओपो दळताना पाहिले, आणि त्याची लाकडी थाळी, बत्ता, हाडाची नळी व जग्वारच्या पायाच्या हाडाचा तुकडा डांबराने एका बाजूस बुजवून केलेली डबी असा सारा सरंजाम विकत घेऊन लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानाकडे रवाना केला. बियाही पाठविल्या. त्या बियांच्या पृथक्करणाची कोणालाही घाई नव्हती. ते झाले तेव्हा १९७७ साल उजाडले होते, आणि सव्वाशे वर्षांच्या त्या वाळलेल्या बियांत अद्याप बुफोटेनिन होते.

बुफोटेनिन हे नाव बेडकांच्या एका जातीवरून पडले, कारण ते प्रथम त्यांच्या कातडीतील स्रावात सापडले. आनाडेनान्थेराच्या बियांतून ते १९५४ साली वेगळे करण्यात आले. आपल्या शरीरात मज्जातंतूंचे निरोप नेणारे सेरोटोनिन नावाचे जे द्रव्य आहे त्याचे हे सख्खे भावंड. रेणूच्या शेपटीला दोन लहान गट अधिक लागले एवढाच भेद. सेरोटोनिन डोक्यात काय करते याची चर्चा आज फार होते, पण ते कातडीखाली गेले असता काय करते हे आपल्या खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, फक्त नाव ठाऊक नसते. गांधीलमाशीच्या नांगीत ते असते. आणि त्याच १९५४ साली खाजकुयलीच्या कुसळांतही ते असल्याची नोंद झाली. खाजकुयलीच्या खाजेचा सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही, त्या कुसळांत दुसरेही एक तिखट किण्व आहे. परंतु ज्याच्या गोत्रातले द्रव्य नांगीत आणि कुसळांत भरलेले असते, ते मऊ अंतस्त्वचेवर पडल्यावर फुंकर घातल्यासारखे वाटेल ही अपेक्षा करू नये.

आता नाकाकडे वळू. वास घेण्याचे काम नाकाच्या छतावरील एका चिमुकल्या पट्टीकडे आहे आणि तिचा मज्जातंतू स्वतंत्र आहे. झोंबण्याचे काम दुसऱ्याच खात्याकडे. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन फाटे फुटून पसरणारा जो त्रिशाखी मज्जातंतू आहे, त्याचीच उघडी टोके नाकाच्या अंतस्त्वचेत पृष्ठभागाच्या अगदी निकट येऊन थांबलेली असतात. हाताच्या कातडीला मृत पेशींचा जाड थर असतो; नाकाला तो नाही, कफाचे पातळ पांघरूण आणि हलणारे सूक्ष्म केस एवढेच तेथील संरक्षण. कपाळ, डोळ्यांची खोबण आणि वरचे दात यांचा कारभारही याच मज्जातंतूकडे असल्यामुळे नाकात पडलेल्या चिमटीची वर्दी डोळ्यांच्या मागे आणि दाढांतही पोहोचते, आणि डोळ्यांतून पाणी येते ते रडू नव्हे, त्याच खात्याने दिलेली धुण्याची आज्ञा होय. या टोकांवर मिरचीतील तिखट द्रव्याने उघडणारे एक दार आहे. ते डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ साली शोधले आणि त्याबद्दल २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळविले. तेच दार फार तापलेल्या वस्तूनेही उघडते, आम्लानेही उघडते. म्हणून मिरची, चटका आणि आम्ल यांना आपण 'आग' हा एकच शब्द वापरतो ती नुसती भाषेची गरिबी नसून शरीराचीच तशी व्यवस्था आहे.

चुन्याचे प्रकरण याहून रासवट आहे. विरलेल्या चुन्याच्या निवळीचा सामू बाराच्या घरात असतो, आणि नाकातील कफ उदासीनाच्या आसपास, किंचित आम्लाकडे झुकलेला. या दोहोंची गाठ ओल्या अंतस्त्वचेवर पडली, म्हणजे जे होते ते कोकणात शिंपले भाजून चुना करणाऱ्यांनी बोटांवर अनुभवलेले आहे. जोडीला बियांच्या टरफलाचे कंगोरेदार कण आणि शेंगांचा तुरटपणा. मग हे लोक चुना घालीत तरी कशासाठी? याचे उत्तर देण्यासाठी ओरिनोकोला जाण्याची गरज नाही, कोणत्याही पारावर बसावे. तळहातावर तंबाखू घेऊन तिला बोटाने चुना लावून मळणारा माणूस तंतोतंत तेच करीत असतो. तंबाखूतील निकोटिन काय, योपोतील बुफोटेनिन काय, ही वनस्पतींची अल्कलॉइड द्रव्ये झाडाच्या आम्लांशी बांधलेली असतात, आणि अशा बांधलेल्या रूपात ती अंतस्त्वचेच्या स्निग्ध पडद्यातून सहजी पार होत नाहीत; चुना त्यांना त्या बंधनातून सोडवितो. विड्यातील चुना सुपारीसाठी, अँडीज पर्वतातील माणसाच्या गालातली राख कोकाच्या पानांसाठी, आणि ओतोमाकांचा शंखचुना निओपोसाठी, हे एकाच युक्तीचे निरनिराळ्या खंडांत स्वतंत्रपणे लागलेले शोध आहेत. तेव्हा हंबोल्टने ज्याला धनी समजले तो दारवान होता. पण त्याच्यावाचून धन्याची स्वारी वाड्यात शिरली नसती, आणि दार उघडताना दारवान जो आवाज करी तोच बाहेरच्यांना ऐकू येत असे.

माझ्या लहानपणी गावातील एक वृद्ध भिक्षुक, ज्यांच्या उपरण्यावरील डागांमुळे तपकिरी हा रंग मला प्रथम कळला, मांडी घालून बसले असता त्यांची डबी आम्ही पोरांनी लांबविली आणि एकेक चिमूट ओढून शिंकांनी व अश्रूंनी बेजार झालो, तेव्हा ते रागावले नाहीत. पहिल्यांदा झोंबायचीच, असे म्हणून हसले. तेच गृहस्थ बाजारातून आणलेली नवी तपकीर पुरेशी झोंबली नाही तर ती माती आहे म्हणून टाकून देत. हंबोल्ट आणि ते भिक्षुक यांच्या तर्कशास्त्रात मला आज काही अंतर दिसत नाही. तपकीर मुरविताना तिच्यात क्षार घालतात तोही निकोटिन मोकळे व्हावे म्हणूनच; तेव्हा झोंबण्यावरून प्रत ठरविणाऱ्या त्या वृद्धाचे अनुमान कारणावाचून का होईना बरोबर निघे. तंबाखू दख्खनेत रुळल्याचा एक जुना दाखला विजापूरचा आहे: अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास तेथे गेला असता त्याने ती प्रथम पाहिली आणि रत्नजडित हुक्क्यासह बादशहापुढे नजर केली. नाकाने ओढावयाच्या चूर्णांची ओळख मात्र या भूमीला तंबाखूच्या कित्येक शतके आधीपासून होती.

चरकाच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच अपामार्गाच्या, म्हणजे आपल्या आघाड्याच्या, बियांवरून पडले आहे, आणि त्याचा आरंभच शिरोविरेचनाच्या द्रव्यांनी होतो: आघाडा, पिंपळी, मिरी, वावडिंग, शेवगा, मोहरी. यादी वाचतानाच डोळ्यांत पाणी यावे. मस्तकात साठलेला कफ नाकावाटे काढण्यासाठी ही तीक्ष्ण द्रव्ये नस्यरूपाने द्यावयाची. आणि चूर्ण फुंकण्याचा जो प्रकार, त्यासाठी वाग्भटाने सहा अंगुळे लांबीची, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी सांगितली आहे. एक टोक रोग्याच्या नाकाशी, दुसरे वैद्याच्या तोंडाशी. येथे मद हा हेतू नाही, देवाशी बोलणे तर नाहीच. झोंबणे हेच औषध. नाकाची साक्ष ज्याने यथार्थ वाचली असा मला तरी या सबंध इतिहासात आयुर्वेदाशिवाय दुसरा कोणी आढळला नाही, कारण त्याने झोंबण्याला झोंबणेच म्हटले आणि त्याच्याकडून कफ काढण्यापलीकडे काही मागितले नाही.

फुंकण्याची ती रीत ब्राझील व व्हेनेझुएला यांच्या सरहद्दीवरील यानोमामी लोकांत आजही आहे, फक्त नळी सहा अंगुळांची नसून हातभराहून पुष्कळ लांब, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वैद्य नसून सोबती. त्यांचे चूर्ण योपोच्या बियांचेही असते. पण अधिक करून विरोला नावाच्या वृक्षाच्या सालीतून निघणाऱ्या तांबड्या रसाचे. हा वृक्ष जायफळाच्या कुळातला. हार्वर्डचे रिचर्ड शुल्टेस यांनी १९५४ साली कोलंबियातील या प्रकारच्या चूर्णाची शास्त्रीय ओळख पटविली. यानोमामी त्यात एका झाडाच्या सालीची राख मिसळतात, म्हणजे पुन्हा क्षारच आला. सोबत्याने छाती भरून फुंकर मारली, की ज्याच्या नाकात ती गेली तो डोके दोन्ही हातांनी दाबून मागे कोलमडतो, ओकतो, नाकातून काळपट शेंबूड हनुवटीपर्यंत ओघळतो. तो पुसण्याची पद्धत नाही. आपल्यासारख्यांना किळस वाटावी असे ते दृश्य, परंतु त्यातील एका गोष्टीने मला नेहमी विचारात पाडले आहे: ही वेदना माणूस स्वतः स्वतःला देत नाही, ती त्याला दुसरा देतो, आणि मग नळी बदलून तो त्याला देतो.

विज्ञानयुगाने या द्रव्यांतून चुना, राख, सोबती आणि देव असे सारे वगळून पाहिले. बुफोटेनिन खरोखरच उन्माद आणते काय, हे ठरविण्यासाठी अमेरिकेतील ओहायो राज्यात कैद्यांच्या शिरांत ते टोचण्यात आले, आणि १९५६ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात कैद्यांचे चेहरे वांग्यासारखे जांभळे पडल्याचे वर्णन आहे. बंदिवानाच्या संमतीला संमती म्हणावे काय, हा विचार त्या दशकात फारसा कोणी करीत नसे. पुढे कित्येक वर्षे विद्वानांचे मत असे झाले, की हे द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, ते केवळ विष आहे, आणि योपोचा प्रताप अन्य कशाचा तरी असला पाहिजे. २००१ साली जोनाथन ऑट या संशोधकाने स्वतःच्याच नाकावर प्रयोग करून ते मत खोडून काढले. ओतोमाकांना जी गोष्ट ठाऊक होती ती शास्त्राने नाकारावी, आणि मग पुन्हा एका नाकाच्याच साक्षीने मान्य करावी, असा हा फेरा.

हल्ली शहरांतील रात्रींच्या मेळाव्यांत जी चूर्णे ओढली जातात त्यांची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अलेक्झांडर शुल्गिन या अमेरिकन रसायनज्ञाने १९७४ साली प्रथम तयार केलेले २सी-बी हे त्यांतले एक. ते ओढणाऱ्याच्या नाकात जणू निखारा ठेवल्यासारखे होते आणि ती आग पुष्कळ वेळ निवत नाही. येथे चुना नाही. उलट द्रव्य आम्लाशी बांधलेल्या लवणाच्या स्वरूपात असते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे त्याचे स्फटिक ओल्या अंतस्त्वचेला चिकटून राहतात आणि मज्जातंतूंच्या उघड्या टोकांना एकाच जागी दीर्घकाळ छळतात. त्याच्या नावाच्या उच्चारावरून पडलेल्या 'तुसी' या नावाने कोलंबियात गुलाबी रंगाची जी पूड विकली जाते तीत तर बहुधा मूळ द्रव्याचा पत्ताच नसतो, केटामिन आणि इतर काही मिसळलेले असते. तीही झोंबते, घेणारा समजतो, माल अस्सल आहे.

बोलिव्हियाच्या नैर्ऋत्येला, सुमारे चार हजार मीटर उंचीवरील वैराण प्रदेशात, एका खडकाच्या आडोशाला २०१० साली उत्खनन करणाऱ्यांना चामड्याची एक पुरचुंडी सापडली. तिच्या चामड्याचे वय हजार वर्षांच्या आसपास भरले. आत चूर्ण ठेवण्याच्या दोन कोरीव लाकडी थाळ्या होत्या, एक नळी होती, लामाच्या हाडाच्या पट्ट्या होत्या, विणलेली डोक्याची पट्टी होती. आणि एक लहानशी पिशवी होती, जिच्या आतील अंशांत बुफोटेनिनसह निदान पाच निरनिराळ्या द्रव्यांच्या खुणा मिळाल्याचे २०१९ साली जाहीर झाले. पिशवी कोल्ह्यांच्या कातड्याची होती. कातडे पाठीचे किंवा पोटाचे, जेथे ते ऐसपैस मिळते, तेथले घेतले नव्हते. तीन कोल्ह्यांची नाकाडे कापून, ती एकमेकांना बारीक टाक्यांनी शिवून ती केलेली होती.